रोज नवा प्रॉब्लेम, रोज प्रेझेंटेशन: हे प्रकरण आलं कुठून

रोजच्या प्रेझेंटेशनला वैतागलेल्या मुलांचा राग बहुतेक वेळा पीबीएलवर, म्हणजे प्रॉब्लेम बेस्ड लर्निंगवर (आधी प्रॉब्लेम समोर ठेवून त्यातून शिकण्याच्या पद्धतीवर) निघतो. सिंगापूरच्या पाचव्या पॉलिटेक्निकमधल्या, म्हणजे रिपब्लिक पॉलिटेक्निक या डिप्लोमा कॉलेजमधल्या मुलांचं तर हे ठरलेलंच गाऱ्हाणं असायचं, की फॅसिलिटेटर, म्हणजे वर्गावरचा शिक्षक, उत्तर सांगत नाही, ग्रुपमधले दोघं यूट्यूब बघत बसतात आणि संध्याकाळी ग्रेड मात्र सगळ्यांना लागते. तक्रार खरी आहे, पण माझ्या मते राग चुकीच्या ठिकाणी निघतो. मूळ पीबीएलमध्ये ना 'रोज' होतं ना ग्रेड, हे दोन्ही नंतर चिकटलेलं आहे.

सुरुवातीचं थोडक्यात. १९६९ साली कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मेडिकल स्कूलची पहिली बॅच आली आणि लेक्चरऐवजी पेशंटची केस समोर ठेवून शिकवायचं ठरलं. पाच वर्षांनी नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टच्या नव्या मेडिकल स्कूलने तेच उचललं आणि त्याला सात पायऱ्यांची शिस्त लावली. शब्द समजून घ्या, प्रश्न नेमका करा, डोकं चालवा, मुद्दे जुळवा, काय शोधायचं ते ठरवा, मग घरी जाऊन वाचा आणि परत येऊन एकमेकांना सांगा. यातली सहावी पायरी लक्षात ठेवा. दोन बैठकांच्या मधे काही दिवस असायचे, मुलं लायब्ररीत बसायची, झोपायची, परत वाचायची, आणि परत आल्यावर टेबलाभोवती बसून बोलायची. टाय लावून स्लाइड दाखवणं वगैरे काही नव्हतं.

सिंगापूरमध्ये १९९७ पासून शाळांमध्ये 'विचार करणारी मुलं घडवा'चा सरकारी धोशा सुरू झाला होता, पाठांतर करून मार्क काढणारी पिढी पुढच्या नोकऱ्यांना चालणार नाही ही भीती होतीच. २००२ मध्ये पाचवी पॉलिटेक्निक उभी राहिली, २००३ ला पहिली बॅच आली. बाकीच्या पॉलिटेक्निक जुन्या, नाव कमावलेल्या, त्यामुळे नव्याला काहीतरी वेगळं करून दाखवणं भाग होतं. तेव्हा निर्णय झाला की एखाद्या कोर्सपुरतं नाही, सगळ्या डिप्लोमांना हीच पद्धत, आणि एका दिवसात एक प्रॉब्लेम संपवायचा. सोमवारी एक विषय, मंगळवारी दुसरा, असे आठवड्याचे पाच.

दिवस असा जायचा. सकाळी पंचवीस जणांचा वर्ग, पाच-पाचच्या पाच टीम, प्रत्येकाकडे लॅपटॉप, स्क्रीनवर प्रॉब्लेम. काय माहिती आहे, काय माहिती नाही, काय शोधायचं असे तीन रकाने भरायचे. मग फॅसिलिटेटर बाहेर, मुलं शोधाशोध करणार. मधे एकदा येऊन तो विचारणार कुठवर आलात, परत बाहेर, परत शोधाशोध, त्यातच जेवण, त्यातच स्लाइड. दुपारी पाचही टीमची प्रेझेंटेशन, सगळ्यात शेवटी फॅसिलिटेटरचं स्वतःचं सहावं. घरी जाऊन रिफ्लेक्शन जर्नल, म्हणजे आज काय शिकलो ते लिहून ऑनलाइन टाकायचं. म्हणजे मास्ट्रिख्टची सहावी पायरी, जिला काही दिवस मिळायचे, ती इथे दोनेक तासांत आणि त्यातही जेवणाच्या सुट्टीत कोंबली गेली.

ठरवणाऱ्यांचीही बाजू होती, ती सांगायला हवी. ही मुलं दहावीनंतर आलेली, सोळा-सतरा वर्षांची, मेडिकलची मोठी पोरं नव्हेत. चार दिवसांची मोकळीक दिली तर पुस्तक चौथ्या रात्रीच उघडतील, हे शिकवणाऱ्या कुणालाही माहिती असतं. शिवाय या एकदिवसीय पद्धतीवर पुढे रीतसर अभ्यास झाले, त्यात दिसलं की प्रॉब्लेम समोर आला की मुलांचा इंटरेस्ट खरंच झपकन वर जातो. तो ताजा असतानाच काम उरकून घ्यायचं, हे काही अगदीच येडपट लॉजिक नव्हे.

पण ग्रेडचं काय? खरा वादाचा निर्णय हा. प्रत्येक दिवसाच्या शेवटी फॅसिलिटेटरने प्रत्येक मुलाला ए ते एफ यातलं एक अक्षर द्यायचं, वर्गात किती बोलला, टीममध्ये काय केलं, प्रेझेंटेशन कसं झालं, जर्नलमध्ये काय लिहिलं, सगळं मिळून. समर्थन असं, की वर्षाच्या शेवटी एका परीक्षेवर सगळं टांगण्यापेक्षा हे बरं, एक दिवस वाईट गेला तर एकच दिवस गेला. कागदावर पटतं. पण यात होतं काय, की विषय सकाळी पहिल्यांदा ऐकलेला असतो आणि दुपारी त्याच्यावर मार्क लागतात. चुकायची वेळ आणि तपासायची वेळ एकच. मग हुशार मूलसुद्धा 'मला हे कळलं नाही' म्हणत नाही, कारण ते म्हणणं म्हणजे आजचा ए गेला. गप्प बसणाऱ्या मुलांचं तर विचारूच नका, त्यांना कळलेलं असतं पण तोंड उघडत नाहीत, आणि फडाफडा इंग्रजी बोलणारा अर्ध्या माहितीवर पुढे जातो. वर फॅसिलिटेटर बदलला की ग्रेडचा हात बदलतो. आजारी पडलात तर एमसी, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, नाहीतर त्या दिवसाचं गेलंच. शेवटची मोठी परीक्षा नको म्हणून काढलेली ही सोय, आणि तिने रोजचीच परीक्षा करून ठेवली, असं मला तरी वाटतं. हॅमिल्टनवाल्यांनी सुरुवातीला मार्क मुद्दाम टाळले होते, पण त्यांची मुलं लायसन्सच्या परीक्षेत मागे पडायला लागली तेव्हा नव्वदच्या दशकात त्यांनाही ठराविक काळाने घ्यायची प्रोग्रेस टेस्ट आणावी लागली. म्हणजे मोजमाप हवंच, त्यात वाद नाही. पण तिथे ते ठराविक काळाने आणि ज्ञानाचं झालं, इथे रोजचं आणि वागण्याचं. इथेही अंडरस्टँडिंग टेस्ट, म्हणजे विषय किती कळला ते तपासणाऱ्या परीक्षा, वेगळ्या होत्याच, मग दोन्ही कशाला हा प्रश्न उरतो.

मुलांनी जमवून घ्यायच्या ज्या युक्त्या काढल्या त्या बहुतेक या ग्रेडमधून निघालेल्या आहेत. वर्कशीटचे प्रश्न पाच जणांत वाटून घ्यायचे, प्रत्येकाने आपापली स्लाइड करायची, जेवण झालं की चिकटवायची, बाकीच्या चार स्लाइडमध्ये काय आहे ते प्रेझेंटेशनच्या वेळीच कळतं. किंवा पहिला नंबर लावायचा, कारण पाचव्या टीमची अवस्था फार वाईट असते, उत्तर तेच, ग्राफ तोच, गुगलवरचं चित्रसुद्धा तेच, आणि 'आधीच्या टीमने सांगितल्याप्रमाणे' हे किती वेळा म्हणणार. अनुभवी फॅसिलिटेटर मग दुसऱ्याच्या स्लाइडवरचा प्रश्न तुम्हालाच विचारतो. म्हणून जी टीम प्रेझेंटेशनच्या आधी दहा मिनिटं एकमेकांना आपापली स्लाइड समजावून सांगते तिचं बरं चालतं, आणि गंमत म्हणजे हीच ती मास्ट्रिख्टची सातवी पायरी.

२००६ मध्ये पॉलिटेक्निक उत्तरेला वुडलँड्सच्या नव्या कॅम्पसवर गेली, तिथल्या खोल्याच पंचवीस मुलांच्या हिशोबाने बांधलेल्या. नंतर कोर्स वाढले, मुलं वाढली आणि सगळ्या विषयांना एकच साचा बसत नाही हे मान्य करावं लागलं. गणित आणि प्रोग्रॅमिंगसारख्या, हात बसायला सराव लागणाऱ्या विषयांत 'रोज नवा प्रॉब्लेम' कसा चालणार? पुढच्या दशकात हळूहळू इतर पद्धती आल्या, सेमिनार, प्रोजेक्ट, करून दाखवून शिकवणं, आणि पीबीएल अनेकांतली एक झाली. २०२० मध्ये कोविडने सगळं घरी नेलं, तेव्हा कॅमेरा बंद करून बसलेल्या चार जणांसोबत टीमवर्क काय असतं ते सगळ्यांनीच पाहिलं.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात छोट्या गटात शिकणं आणि स्वतः शोधून शिकण्याचे तास घातलेत, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या मुलांनाही केस आणि प्रेझेंटेशन नवीन राहिलेलं नाही. तिथे रोजची ग्रेड नाही, पण दीडशे-दोनशेच्या बॅचचे गट करून प्रत्येक गटाला शिक्षक पुरवायचा कुठून, हे दुखणं वेगळंच आहे.