चार चाकांना जोर, चार ठिकाणी तेल

ठाण्यात किंवा नवी मुंबईत सेकंड हँड एसयूव्ही बघायला गेलं की पाहणी ठरलेली असते. बोनेट उघडायचं, डिपस्टिक पुसून इंजिन ऑइल बघायचं, टायरच्या खाचेत नख घालायचं, एसी लावून बघायचा, इन्शुरन्सचे कागद मागायचे. एवढं झालं की घासाघीस सुरू. गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी असेल तर ही पाहणी अर्धीच राहते, कारण तिच्यातल्या महागड्या गोष्टी पोटाखाली असतात. गिअरबॉक्स, त्याला जोडलेलं, जोर मागे वळवणारं ट्रान्सफर युनिट, मागच्या डिफरेन्शियलपुढचं, तो जोर गरजेप्रमाणे जोडणारं कपलिंग आणि खुद्द डिफरेन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरपेटी. यातल्या बहुतेकांचं तेल वेगळं असतं आणि ते बघायला डिपस्टिक नसते. तेलाचे प्रकार वाढत गेले आणि त्याच काळात तेल डोळ्यांआड झालं. हे कसं घडलं ते माहीत असलं की विकणाऱ्याला नेमकं काय विचारायचं ते कळतं.

आपल्याकडे सुरुवात जीपपासून होते. १९४७ मध्ये महिंद्रानं मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या गाडीत गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन डिफरेन्शियल होती, आणि सगळीकडे मिस्त्री ज्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात ते जाड गिअर ऑइल. खाली ड्रेन नट, बाजूला लेव्हलचा नट. बाजूचा नट काढून बोट आत घालायचं, तेल बोटाला लागलं तर लेव्हल बरोबर. १९८५ च्या अखेरीस आलेल्या मारुती जिप्सीतही तत्त्व तेच होतं. आत नुसते दाते आणि बेअरिंग, त्यामुळे तेल जुनं झालं तरी आधी आवाज यायचा, सील गळायचं, आणि मालकाला सावध व्हायला महिनेच्या महिने मिळायचे.

या जीपची अडचण कोरड्या डांबरावर होती. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेला असेल तर हा फरक जायला जागा नसते, सगळा ताण दात्यांवर आणि शाफ्टवर येतो. म्हणून फोर बाय फोर चिखलापुरतं लावायचं आणि रस्त्यावर आलं की काढायचं. रोजच्या रस्त्यावर चारही चाकांना जोर द्यायचा तर मध्ये हा फरक पचवणारं काहीतरी हवं होतं. १९६६ च्या जेन्सन एफएफमध्ये ते आलं, पण त्या गाड्या जेमतेम ३२० बनल्या. १९७२ मध्ये सुबारूनं लिओनी फोर बाय फोर विकायला काढली, तीही गरजेपुरतं लिव्हर ओढून लावायचीच. १९८० मध्ये आउडी क्वाट्रो आली आणि कायम चारही चाकांवर चालणारी गाडी वेगवान रस्त्यावरही शोभते हे जगानं पाहिलं.

खरा बदल मात्र या दिमाखदार गाड्यांनी केला नाही. तो साध्या कौटुंबिक एसयूव्हींनी केला, आणि आपल्या बाजारात आज फिरणाऱ्या गाड्या त्याच वंशातल्या आहेत. होंडा सीआर-व्ही १९९५ मध्ये जपानमध्ये आणि २००३ मध्ये भारतात आली. ती एरवी पुढच्या चाकांवर चालते. तिच्या सुरुवातीच्या पिढ्यांत मागच्या डिफरेन्शियलमध्ये दोन छोटे पंप आहेत, एक पुढून मागे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या वेगानं फिरणारा, दुसरा मागच्या चाकांच्या. पुढची चाकं घसरली की दोन्ही पंपांच्या वेगात फरक पडतो, तेलाचा दाब वाढतो, आतल्या क्लचप्लेट दाबल्या जातात आणि मागच्या चाकांना जोर मिळतो. इथं तेलाला तीन कामं आली: वंगण, दाब निर्माण करणं आणि प्लेटांना योग्य तेवढी पकड देणं. हे तेल शिळं झालं की पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवताना मागून घोगरा आवाज आणि थरथर येते. अनेक मालक बेअरिंग गेलं समजून घाबरतात, पुष्कळदा होंडाचं त्या कामासाठीचं खास तेल बदललं की ती थांबते. त्याच जागी कुणी नव्वद नंबर ओतलं तर मात्र क्लचची वाट लागते, आणि जीपच्या काळात हात बसलेल्या गॅरेजमध्ये ही चूक सहज होऊ शकते.

१९९८ मध्ये आउडी टीटी आणि फोक्सवागन गोल्फवर हॅल्डेक्स कपलिंग आलं. इथं क्लच दाबायचं काम संगणक ठरवतो. आपल्याकडे २०१० ची स्कोडा येती फोर बाय फोर आणि २०१७ च्या कोडियाक आणि टिग्वान याच घराण्यातल्या. महिंद्रा एक्सयूव्ही५०० च्या ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये २०११ पासून आणि रेनॉ डस्टरमध्ये २०१४ पासून विजेवर दाबला जाणारा क्लच होता. हॅल्डेक्सच्या नव्या पिढीत पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. क्लचप्लेटांची झिजलेली भुकटी त्या जाळीवर बसते आणि नुसतं तेल बदललं तरी जाळी तशीच राहते. ती चोंदली की पंप दमतो, शेवटी बंद पडतो. गाडी पुढच्या चाकांवर निमूट चालत राहते. घोडबंदर रोडच्या कोरड्या डांबरावर मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. म्हणून तेल बदलल्याची पावती दाखवली तर पंप उतरवून जाळी साफ केली होती का, हे आवर्जून विचारावं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची गोष्ट आणखी जुनी आहे. जनरल मोटर्सनं १९३९ मध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आणला. त्याच्या क्लचना पकड हवी आणि झटकाही नको, म्हणून तेलात बराच काळ स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेल संरक्षित झाले, ते तेल बंद झालं आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. पुढे प्रत्येक कंपनीनं आपापलं तेल काढलं. कुठल्या गिअरबॉक्सला कुठलं तेल, हा प्रश्न तेव्हापासून मिस्त्रीच्या अंदाजावर सोडण्यासारखा राहिला नाही.

१९९० च्या दशकात युरोपातल्या कंपन्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. डिपस्टिक काढून टाकली आणि गिअरबॉक्सचं तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलंय असं जाहीर केलं. पहिल्या मालकाचा देखभालीचा खर्च कागदावर कमी दिसला. पण गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ कंपनीचा स्वतःचा सल्ला काय होता? ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी तेल बदला. गाडी विकणारा एक सांगतो आणि यंत्र बनवणारा दुसरं, तेव्हा मी तरी यंत्र बनवणाऱ्याचं ऐकेन. फोक्सवागन गटाच्या ओल्या, म्हणजे तेलात फिरणाऱ्या क्लचच्या सहा गिअरी डीएसजीला (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) तर कंपनीच दर ६० हजार किलोमीटरला तेल बदलायला सांगते, तरी ते चुकवलेल्या गाड्या बाजारात येतात. ८ वर्षांची गाडी तिसऱ्या मालकाकडे जाताना ‘कंपनीनं तेल बदलायचं नाही म्हणून सांगितलंय’ हे वाक्य कानावर पडलं, तर तेल बदललेलंच नाही असं समजून भाव करावा.

आपल्या हवेचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवागननं जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या, कोरड्या क्लचच्या सात गिअरी डीएसजीमधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरण्यासाठी. कारण सांगितलं होतं ते असं की उष्ण, दमट हवा आणि सतत थांबत-चालत होणारं ड्रायव्हिंग यात त्या तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकतो. तो गिअरबॉक्स ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत नसतो, पण ते वर्णन माजिवडा नाक्यावरच्या किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या संध्याकाळचंच आहे. कंपन्यांच्या पुस्तकात तेल लवकर बदलायला लावणारा एक वेगळा तक्ता असतो: रांगतं ट्रॅफिक, उष्णता, धूळ, घाट, पाणी. आपल्या बहुतेक गाड्या त्या तक्त्यात बसतात, आणि आपण दुसऱ्याच तक्त्याप्रमाणे सर्व्हिस करतो. तेलाचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा तेलाच्या क्षेत्रातला ठोकताळा आहे.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून आपल्याकडे गाडी घेणारा ‘पुरातली तर नाही ना’ हे विचारतोच. पण तो सीटखालचा वास घेतो, कार्पेट उचलतो. ऑल-व्हील-ड्राइव्ह बिघडायला केबिनपर्यंत पाणी यायची गरजच नसते. मागच्या डिफरेन्शियलवर ब्रीदर नावाची छोटी नळी असते, आतली हवा तापली की तिथून बाहेर पडते. तासभर चालून तापलेलं डिफरेन्शियल गुडघाभर पाण्यात शिरलं की एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात जरा मोठा पाऊस झाला की पाणी साचतं. नवी मुंबई खाडीकाठच्या सखल जमिनीवर उभी आहे. सिडकोनं त्यासाठी धारण तलाव बांधले, तरी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की रस्ते बुडतात. अशा एका संध्याकाळी घरी सुखरूप पोहोचलेली गाडी केबिनमध्ये कोरडी ठणठणीत असते, आणि मागे मात्र दुधाळ झालेलं तेल बेअरिंगला गंज चढवत बसतं.

म्हणून ठाण्याची एमएच-०४ असो की नवी मुंबईची एमएच-४३, ऑल-व्हील-ड्राइव्ह घ्यायची तर व्यवहाराआधी गाडी रॅम्पवर चढवून मागच्या डिफरेन्शियलचा नट उघडायला लावणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. ज्या नटाच्या आतल्या टोकाला चुंबक असतो, त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर काळजी नाही, झीज तेवढी होतेच. बोटाला टोचणारी चकाकती कणी लागली तर दाता किंवा बेअरिंग तुटायला लागलंय. तेल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. करपल्याचा वास म्हणजे ते तापून निकामी झालंय. विकणारा नट उघडू देत नसेल तर दुसरी गाडी बघावी.

टायरही याच हिशेबात येतात. दोनच नवे टायर टाकलेली गाडी स्वस्त मिळते, पण घेर वेगळा झाला की पुढच्या-मागच्या वेगात कायमचा फरक पडतो, कपलिंगला सतत घसरण झाल्यासारखं वाटतं आणि तेल विनाकारण तापतं. सुबारू चारही टायरच्या घेरातला फरक साधारण ६ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगते.

जून २०२५ मध्ये आलेल्या टाटा हॅरिअर ईव्हीच्या ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढे एक आणि मागे एक मोटर आहे. प्रोपेलर शाफ्ट गेला, ट्रान्सफर युनिट गेलं, मधलं कपलिंगही गेलं. दोन्ही मोटरींना वेग कमी करणारे गिअर मात्र आहेत, आणि ते तेलातच फिरतात. त्या गाड्या काही वर्षांनी सेकंड हँड बाजारात उतरतील, तेव्हा पुढचं आणि मागचं असे दोन नट उघडून बघावे लागतील.