रिंग बफर वेगळा, सॉकेट बफर वेगळा, कितीदा सांगायचं

सर्व्हरवर नेटवर्कची पॅकेटं ड्रॉप होतायत, म्हणजे गळतायत, म्हटलं की कोणीतरी लगेच सांगणार, आरमेम मॅक्स (लिनक्समधली सॉकेट बफरची कमाल मर्यादा) वाढव. गेल्या पावसात फोंड्याच्या एका मित्राने तेच केलं, १६ एमबी करून टाकला, ड्रॉप जैसे थे, मग रात्री साडेदहाला मला फोन. अरे बाबा, तुझी पॅकेटं त्या बफरपर्यंत पोचतच नाहीत!

सॉकेट बफर सगळ्यांना माहीत असतो, प्रोग्रॅम वाचेपर्यंत डेटा जिथे पडून राहतो ती जागा. मागाल त्याच्या दुप्पट कर्नल (लिनक्सचा गाभा) लावतं, ते त्याच्या वरखर्चासाठी, बाकी सोडा. रिंग त्याच्या कितीतरी आधी येते, नेटवर्क कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरच्या मध्ये. कार्ड पॅकेट तिथे ठेवतं, सीपीयू उचलून वर देतो.

माणसं आपटतात ती मोजमापात. रिंग नग मोजते, सॉकेट बफर बाइट मोजतो. रायबंदरच्या फेरीबोटीवर चौकोन आखून ठेवले आणि स्कूटरला एक, कदंब बसलाही एकच, तर ती झाली रिंग. म्हणून २५६ जागांची रिंग १ गिगाबिटवर मोठ्या १५०० बाइटच्या पॅकेटांनी भरायला तीनेक मिलिसेकंद घेते, कारण सेकंदाला ८१ हजारच येतात, पण ६४ बाइटवाली सेकंदाला १४ लाख ८८ हजार येतात आणि तीच रिंग १७२ मायक्रोसेकंदांत फुल्ल. तेवढ्यात सीपीयू दुसरीकडे बघत असला की संपलं.

सॉकेट बफर बाइट मोजतो खरा, पण नुसते तुमचे बाइट नाही, कर्नल पॅकेटभोवती लावतं ते वेष्टनही धरतो. बऱ्याच लिनक्स मशीनवर डिफॉल्ट २,१२,९९२ बाइट असतो, त्याला ६४ ने भागून लोक म्हणतात तीन हजारावर पॅकेटं बसतील. कुठली बसतात! एकामागे ७६८ बाइट लागले तर २७७ वर भरला, आणि काही ड्रायव्हर याहून जास्त खातात.

आता टेस्टचं. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचं टूल) लावून टीसीपीने मोठ्ठा प्रवाह सोडायचा, ९४० मेगाबिट दिसले की स्क्रीनशॉट टाकून "बफर टेस्टेड" लिहायचं, याचा मला मनापासून वैताग आहे. टीसीपीत वाचणारा झोपला तर विंडो, म्हणजे अजून किती पाठव हे सांगणारा आकडा, शून्य होते आणि पाठवणारा थांबतो, सॉकेट बफर ओसंडतच नाही, मग तपासलं काय? यूडीपी घ्या, त्यात पाठवणारा कोणासाठी थांबत नाही, छोटी पॅकेटं घ्या, आणि झटके द्या, हजार पॅकेटं फुल स्पीडला आणि उरलेला सेकंद गप्प. सरासरी जेमतेम अर्धा मेगाबिट निघते, ग्राफवर काही दिसत नाही, आणि ड्रॉप मात्र होऊ शकतात.

दोघांना वेगळं करायची माझी आवडती युक्ती म्हणजे बेताच्या वेगाने ट्रॅफिक चालू असताना वाचणाऱ्या प्रोसेसला स्टॉप सिग्नल देऊन दोन सेकंद गोठवायचं. कर्नल रिंग रिकामी करतच राहतं, म्हणून नेटस्टॅटमध्ये यूडीपीचे रिसीव्ह बफर एरर वाढतात आणि इथटूलमधला आरएक्स मिस्ड, म्हणजे रिंगेत जागा नाही म्हणून कार्डाने सोडलेल्या पॅकेटांचा आकडा, हलत नाही. उलट प्रोसेस मोकळी असून मिस्ड चढत असेल तर सॉकेट बफरला हातही लावू नका. मिस्डचं नाव कार्डागणिक बदलतं, तेवढं बघून घ्या.

आणि रिंग सरळ ४०९६ करून मोकळं व्हायचं हेही मला पटत नाही, रांग लांबली की उशीर वाढतो. शिवाय रिंग बदलताना बरेच ड्रायव्हर लिंक क्षणभर पाडतात, भर दुपारी लाइव्ह सर्व्हरवर करून बघा म्हणजे कळेल. फोंडेकराचं शेवटी निघालं ते वेगळंच, कार्डाचे सगळे इंटरप्ट (पॅकेट आलं म्हणून सीपीयूला मारलेल्या हाका) सीपीयूच्या एकाच कोरवर आणि बॅकअपचं कॉम्प्रेशनही नेमकं तिथंच. बॅकअप दुसऱ्या कोरवर हलवला, मिस्ड थांबला. १६ एमबी अजून तसाच आहे, काढायला सांगितलं तर म्हणतो असू दे.