पार्श्वभूमी : नागपूरच्या ख्रिस्ती स्त्रिया आणि ‘मोल’ हा शब्द

नागपुरात सदर, मेकोसाबाग, मोहननगर या भागांतल्या ख्रिस्ती घरांतील बायकांच्या फोनवर हल्ली रोज सकाळी एक वचन येते. गुलाबाचे चित्र, त्यावर पवित्र शास्त्रातील एक ओळ आणि खाली ‘तू देवाच्या दृष्टीने मोलवान आहेस, तुझ्या जीवनाला उद्देश आहे’ अशा अर्थाचे चार शब्द असतात. आठवड्यातून एकदा दुपारी कोणाच्या तरी घरी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून भरणाऱ्या महिला सभेतही विषय बहुधा हेच असतात. हे बोल ऐकणाऱ्याला आजचे वाटतात, आणि त्यांतील काही आजचे आहेतही. ‘उद्देश’ हा शब्द इंग्रजी प्रवचनांतून आणि अनुवादित पुस्तकांतून अलीकडे रुळला. आमच्या आजीच्या पिढीतील बायका ‘पाचारण’ म्हणत किंवा नुसते ‘सेवा’ म्हणत. दोन्हींत फरक आहे. उद्देश आपला आपण शोधायचा असतो, तर पाचारणात बोलावणारा दुसरा असतो आणि त्याच्या हाकेला ओ द्यायची असते. ‘मोल’ हा शब्द मात्र मराठी बायबलातच आहे, आणि नागपूरच्या स्त्रियांपर्यंत तो कसा पोहोचला याची हकीकत जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची आहे.

‘मोलवान’ हे संबोधन बायबलातील यशया या पुस्तकाच्या ज्या ४३व्या अध्यायातून घेतले जाते, तिथे ते एकट्यादुकट्या व्यक्तीला उद्देशून नाही. पराभूत होऊन बाबेलच्या बंदिवासात पडलेल्या एका अख्ख्या लोकसमूहाला देव ते म्हणतो. महिला सभांमध्ये सर्वांत जास्त वाचला जाणारा दुसरा उतारा म्हणजे बायबलातल्याच नीतिसूत्रे या पुस्तकाचा ३१वा अध्याय. त्यातल्या सद्गुणी स्त्रीचे मोल मोत्यांहून अधिक सांगितले आहे. लग्नाच्या उपासनेत तो वाचला जातो तेव्हा नव्या सुनेच्या कामांची यादी वाचून दाखवावी तसा त्याचा सूर लागतो. मूळ हिब्रूत मात्र ‘सद्गुणी’च्या जागी ‘हायिल’ हा शब्द आहे आणि तो इतरत्र सैन्य, पराक्रम, सामर्थ्य यांसाठी येतो. ही स्त्री शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, व्यापार करते आणि गरिबांना हात देते. अध्यायाच्या सुरुवातीलाच हे बोल राजा लमुएलाला त्याच्या आईने शिकवले असे म्हटले आहे, म्हणजे बोध मुलाला चालला आहे, सुनेला नाही. हाच ‘हायिल’ शब्द रूथच्या गोष्टीत शेतमालक बवाज तिच्यासाठी वापरतो, आणि रूथ कोण, तर शेतात सरवा वेचून पोट भरणारी परदेशी विधवा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, स्त्रीला ‘साहाय्यक’ म्हटले आहे आणि त्याचा अर्थ बहुतेकदा ‘मदतनीस’ असा लावला जातो. पण तिथला ‘एझेर’ हा हिब्रू शब्द स्तोत्रांत स्वतः देवासाठी येतो. अनुवादात एखादा शब्द मऊ झाला की पुढच्या कित्येक पिढ्यांना त्याची किंमत मोजावी लागते, असे माझे मत आहे.

शुभवर्तमानांतील, म्हणजे येशूच्या चरित्रांतील, प्रसंग सर्वांना ठाऊक असल्यामुळे ते विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. अठरा वर्षे कुबड काढून चालणाऱ्या बाईला येशू सभास्थानात, सर्वांच्या देखत, ‘अब्राहामाची कन्या’ म्हणतो. विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री घागर तिथेच टाकून गावात सांगायला धावते. पुनरुत्थानाची पहिली बातमी घेऊन शिष्यांकडे जाते ती मग्दालीया मरीया. या तिन्ही ठिकाणी स्त्रीचे मोल तिच्या कानात सांगून संपलेले नाही; ते चारचौघांत उघड झाले आहे, आणि तिघीही लगेच बोलू लागल्या आहेत.

मराठी मुलखात या गोष्टी बायकांपर्यंत पोहोचण्याआधी एक अडचण होती. बायकांना वाचता येत नव्हते. १८२४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई मुलींच्या शिक्षणासाठी मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरला गेली. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापनाच्या तयारीशी तिच्या नगरच्या शाळेचे नाव जोडले जाते. नागपुरात भोसल्यांचे राज्य असतानाच, १८४५ मध्ये, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप दाखल झाले. हिस्लॉप यांचे नाव आज त्यांच्या स्मरणार्थ १८८३ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयामुळे आणि त्यांनी जमवलेल्या जीवाश्मांमुळे घेतले जाते. स्कॉटिश मिशनच्या कामात मुलींच्या शाळा आणि घरोघर जाऊन वाचायला शिकवणाऱ्या बायका यांचा वाटा मोठा होता, पण त्यांतल्या बहुतेकींची नावे कोणाला आठवत नाहीत. ‘बायबलबाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्त्रिया बहुधा स्थानिक आणि पुष्कळदा विधवा असत. दुपारी घरची कामे आटोपल्यावर त्या माजघरात बसून पाटीवर अक्षरे गिरवून घेत, एखादा दाखला वाचून दाखवत आणि निघून जात. ‘देव तुझ्यावर प्रीती करतो’ हे वाक्य पुष्कळ बायकांनी प्रथम ऐकले ते अक्षरओळखीच्या ओघात. माझ्या मते या सगळ्या परंपरेचे मर्म इथेच आहे. त्या काळी धीर देणे म्हणजे आधी वाचता येणे. एरवी जो ग्रंथ दुसऱ्याने वाचून त्याचा अर्थ दुसऱ्यानेच सांगायचा, तो बाईच्या स्वतःच्या हातात देणे.

या इतिहासाचा एक धागा नागपूरच्या रेल्वेने पुढे गेला. कवी नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली, बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ही बातमी वज्राघातासारखी वाटली. लक्ष्मीबाई १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. बाजारातून आलेला जिन्नससुद्धा धुऊन घेणाऱ्या अत्यंत सोवळ्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या आणि अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि नगरला नवऱ्याकडे परतल्यावरही काही काळ त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि त्यानंतरच, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ मराठीतील श्रेष्ठ आत्मकथनांत गणली जातात, आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य बहुतांशी त्यांनीच पूर्ण केले. बाईला लिहितावाचता येणे हाच ज्या काळी अपवाद होता, त्या काळी त्यांनी हे केले. स्त्रीच्या विश्वासाविषयी बोलताना पतीच्या पाठोपाठ चालणाऱ्या पत्नीचे उदाहरण सहज दिले जाते, पण लक्ष्मीबाईंचे चरित्र त्या साच्यात बसत नाही. त्यांच्या विश्वासाला पाच वर्षे लागली, आणि तो वेळ त्यांनी कोणाला मागितला नव्हता, स्वतःच घेतला होता.

पंडिता रमाबाईंचे काम मुख्यतः मुंबई, पुणे आणि केडगावचे, तरी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताशी त्यांचा संबंध दुष्काळाने जोडला. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या या प्रांतात हिंडल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, कोणाच्याही हाती लागू शकतील अशा मुलींना आणि विधवांना आपल्या आश्रयाला घेऊन गेल्या. त्यांच्यासाठीच केडगावची मुक्ती संस्था उभी राहिली. तिथे मुलींना वाचन शिकवलेच, शिवाय विणकाम, शेती आणि छापखान्याचे कामही शिकवले. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते साध्या बायकांना कळावे अशा सोप्या भाषेत असावे हा त्यांचा आग्रह होता. त्याची छपाई संस्थेतल्या स्त्रियांच्या हातांनी झाली, आणि रमाबाईंच्या १९२२ मधील निधनानंतर, १९२४ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. ज्या मुलीला दुष्काळाने रस्त्यावर आणले होते, तिने छपाईचा एक एक खिळा (अक्षराचा ठसा) जुळवत धर्मग्रंथाचे पान लावावे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणले की मोल या शब्दाचे निराळे विवरण करावे लागत नाही.

रमाबाईंना चर्चमध्ये सारे मोकळे मिळाले असे मात्र नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर चेल्टनहॅमला त्या तरुण पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असे ठरत होते, तेव्हा एका हिंदुस्थानी स्त्रीने पुरुषांना शिकवण्यास वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंची पत्रे अगदी स्पष्ट आहेत. आपला विवेक कोणा बिशपाच्या हवाली करण्यासाठी आपण ख्रिस्ती झालो नाही, हा त्यांचा रोख होता.

नागपुरात याहून बोचणारे उदाहरण जाईबाई चौधरींचे आहे. उमरेडला जन्मलेल्या, महार समाजातल्या जाईबाई नागपूर आणि कामठीच्या दरम्यान हमाली करत. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंनी त्यांची हुशारी हेरली आणि त्यांना मिशनच्या शाळेत शिक्षिकेचे काम दिले. शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच वरच्या जातीच्या पालकांनी विरोध केला आणि जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली. जाईबाई तिथेच थांबल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांचे नाव आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात घेतले जाते, पण नागपूरच्या ख्रिस्ती स्त्रियांच्या पार्श्वभूमीत त्यांना वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. प्रत्येक माणूस देवाचे प्रतिरूप आहे अशी शिकवण देणाऱ्या शाळेने ऐन वेळी फीची आणि पटाची चिंता केली, हेही याच इतिहासाचे पान आहे.

स्कॉटिश मिशनने १९व्या शतकाच्या अखेरीस सीताबर्डीत स्त्रियांसाठी जे वैद्यकीय काम उभे केले, त्यातून म्यूर मेमोरियल रुग्णालय पुढे आले. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरांना दाखवत नसत, म्हणून स्त्री डॉक्टर आणि परिचारिका हव्या होत्या. परक्याच्या मलमूत्राला आणि रक्ताला हात लावण्याचे काम हलके समजले जाई, त्यामुळे सुरुवातीला परिचर्येत आल्या त्या बहुतेक ख्रिस्ती मुली. ‘सेवा’ हा शब्द आमच्या घरांत इतका घट्ट बसला तो यामुळे. पण त्याबरोबर पगार आला, वसतिगृह आले आणि आपल्या पायांवर उभी असलेली अविवाहित बाईही आली. पुढे इतर समाजांतल्या स्त्रियाही या वाटेवर आल्या. कमलाबाई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला तो याच क्षेत्रात.

विसाव्या शतकात नागपूर देशभरच्या मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या समुदायांच्या, एकीचे ठिकाण झाले. आजची नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया हिचे मुख्य कार्यालय इथे आहे, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली तीही इथे, सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, म्हणून मेकोसाबागची मंडळी वेगळ्या छत्राखाली राहिली. स्त्रियांच्या सभा मात्र या भिंती फारशा मानत नाहीत. पाळकीणबाई, म्हणजे पाळकाची (धर्मगुरूची) पत्नी, कोणत्या चर्चच्या हे न विचारता एकमेकींच्या घरी प्रार्थनेला जाण्याची रीत जुनी आहे. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचे दार चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने पुढे उघडले, पण नागपूरच्या बऱ्याच मंडळ्यांत रविवारचा संदेश अजूनही पुरुषच देतात.

याला वर्षातून एक ठरलेला अपवाद असतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन पाळतात. १९२७ पासून जगभर चालत आलेल्या या दिवशी दर वर्षी एका वेगळ्या देशातल्या स्त्रिया उपासनेचा क्रम लिहितात आणि तो ठिकठिकाणच्या भाषांत उतरवून म्हटला जातो. नागपुरात ऊन तापू लागलेले असते, पंखे पूर्ण वेगाने फिरत असतात. वचन वाचणारी, प्रार्थना म्हणणारी, दान गोळा करणारी आणि संदेश देणारीही बाईच असते. म्हातारी भगिनी ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करत शास्त्रपाठ वाचते आणि तिची नात शेजारी उभी राहून पान धरते. उपासनेच्या आधी कोणीतरी पुलपिटावरचा माइक खाली ओढून तिच्या उंचीला आणतो. रविवारी तो पुन्हा वर गेलेला असतो.