जुना लॅपटॉप, नव्याची दुसरी स्क्रीन

दोन लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडून पाहिले तर काहीच घडत नाही. दोष केबलचा नसतो. लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट चित्र फक्त बाहेर पाठवतं, आत घेत नाही. पाठवणारं यंत्र १८व्या पिनवर ५ व्होल्ट देतं आणि मॉनिटर १९व्या पिनवरून आपण हजर असल्याचं कळवतो. इथे दोन्हीकडे पाठवणारेच, मग हजेरी कोण देणार? (२००९ ते २०१४मधले काही आयमॅक कमांड आणि एफ-२ दाबून मॉनिटर बनतात, पण त्यांवर मॅकओएसची हाय सिएरा किंवा त्याआधीची आवृत्ती लागते आणि जोडायचा मॅकही जुनाच हवा.)

म्हणून चित्र डेटा म्हणून पाठवावं लागतं. १९२० × १०८० चं, २४ बिट रंगांचं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर जवळपास ३ गिगाबिट होतात. एवढं घरच्या वायफायला झेपत नाही, म्हणून नवा संगणक ते आकुंचित करून पाठवतो आणि जुना उलगडतो. या दोन कामांत वेळ जातो. माऊस किंचित मागे रेंगाळतो तो यामुळेच. मेल, पीडीएफ, चॅट यांना चालतं. गेमसाठी नाद सोडा.

दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर आधी फुकटचा मार्ग बघा. जुन्या संगणकावर सेटिंग्ज, सिस्टिम, 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी' इथे जाऊन 'वायरलेस डिस्प्ले' हे ऐच्छिक फीचर टाका आणि ते ॲप उघडून ठेवा. नव्यावर विंडोज आणि के दाबून जुन्याचं नाव निवडा, मग विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड'. यादीत नावच आलं नाही तर बहुधा जुन्याचं वायफाय कार्ड मीराकास्टला, म्हणजे वायफायवरून स्क्रीन पाठवण्याच्या या पद्धतीला, पुरं पडत नाही.

आमच्या मते तारेचा मार्ग जास्त भरवशाचा. स्पेसडेस्क हे एका संगणकाची स्क्रीन दुसऱ्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर. नव्यावर त्याचा ड्रायव्हर, जुन्यावर त्याचा व्ह्यूअर आणि मध्ये साधी लॅन केबल. नव्याला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन ॲडॉप्टर मिळतो. राउटर नसला तरी मिनिटभरात दोघे १६९.२५४ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतात. व्ह्यूअरमध्ये नव्याचं नाव दिसलं नाही तर नव्याचा तो पत्ता हाताने टाका. तरीही जोडणी होत नसेल तर अडथळा बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलचा असतो: विंडोज अशा नेटवर्कला 'पब्लिक', म्हणजे परकं, धरतं. नव्याच्या फायरवॉलमध्ये स्पेसडेस्क वापरतो ते टीसीपी पोर्ट २८२५२ उघडा.

अक्षरं फिसकटलेली दिसली तर नव्यावरून दुसऱ्या स्क्रीनचं रिझोल्यूशन जुन्या पॅनेलइतकंच ठेवा; १५.६ इंची जुन्या लॅपटॉपांत ते अनेकदा १३६६ × ७६८ असतं. कॉपी रोखणाऱ्या चित्रपट ॲपचा व्हिडिओ अशा स्क्रीनवर काळा दिसू शकतो. जुन्याची स्लीप बंद करा. बॅटरी फुगली असेल तर तो दिवसभर चार्जरवर ठेवू नका. आधी ती काढा.

मदरबोर्डच गेला असेल तर पॅनेल काढून त्याला कंट्रोलर बोर्ड (एचडीएमआयचं चित्र पॅनेलला पोहोचवणारा छोटा सर्किट बोर्ड) जोडता येतो, मग एचडीएमआय थेट चालतं. बोर्ड मागवताना पॅनेलच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या. पॅनेलच्या जोडणीचे दोन प्रकार, ४० पिनांचं एलव्हीडीएस आणि ३० पिनांचं ईडीपी, यांची अदलाबदल चालत नाही, आणि चुकीचा बोर्ड लावला तर पॅनेल जळू शकतं.