ऊर्जेचा प्रश्न खेड्यात गेला तेव्हा

आज विद्यापीठात ऊर्जेचा स्वतंत्र विभाग दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी चित्र वेगळं होतं. वीज इलेक्ट्रिकलवाल्यांकडे, बॉयलर मेकॅनिकलवाल्यांकडे, अणू भौतिकशास्त्रज्ञांकडे. सरपण मात्र कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हतं, आणि देशातल्या बहुसंख्य घरांचा स्वयंपाक तर त्याच्यावरच होत होता. रसायन, स्थापत्य, वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र ही मंडळी एका टेबलाशी का आली, हे समजून घ्यायचं तर १९७०च्या दशकात मागं जायला हवं.

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेल निर्यात करणाऱ्या देशांनी किमती वाढवल्या आणि पिंपामागे साधारण तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेला. सगळीकडे धावाधाव झाली ती पुरवठ्यासाठी: नवं तेल कुठं सापडेल, कोळसा किती काढता येईल, अणुभट्ट्या किती बांधायच्या. थोड्या ठिकाणी मात्र वेगळा विचार आधीच सुरू झाला होता. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९७१मध्ये ऊर्जा आणि पर्यावरण अभ्यासाचं केंद्र निघालं होतं. तिथले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट सोकोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतली ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत अभ्यासाला घेतली. घरं एकाच नकाशाची, भिंती त्याच, हवा तीच. तरी दोन सारख्या घरांच्या गॅसवापरात दुपटीपर्यंत फरक निघाला. राहणारं कुटुंब बदललं की वापरही बदलायचा. घराच्या पोटमाळ्याकडे उष्णता कुठून निसटते ते अभियंत्यांनी शोधलं. वापराचे आकडे रोजच्या रोज कळले तर लोक काटकसर करतात का, हे मानसशास्त्रज्ञांनी तपासलं. १९७३मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातही जॉन होल्ड्रेन यांच्या पुढाकारानं ऊर्जा आणि संसाधनांचा असाच आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम सुरू झाला.

आपल्याकडची सुरुवात १९७४ची, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतली. तिला या परदेशी प्रयत्नांची नक्कल म्हणणं अन्यायाचं होईल, कारण तिचा उगमच वेगळा आहे. अमूल्य रेड्डी हे विद्युतरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी सहलेखन केलेलं त्या विषयाचं पाठ्यपुस्तक जगभर वापरलं जात होतं. करिअर म्हणून तेवढं पुरेसं होतं. पण आपलं संशोधन देशातल्या गरिबाच्या कुठल्या कामाचं, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. सतीश धवन संस्थेचे संचालक असताना ‘अस्त्र’ हा गट उभा राहिला: ग्रामीण भागासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान, असा त्याचा उद्देश. त्याचं प्रत्यक्ष कामाचं केंद्र तुमकूर जिल्ह्यातल्या कुणिगल तालुक्यात, बंगळूरपासून शंभरएक किलोमीटरवर, उंग्रा गावात निघालं. संस्थेच्या आवारात बसून खेड्यासाठी यंत्रं बनवायची आणि मग ती ‘पोचवायची’, ही पद्धत या मंडळींनी मुद्दाम टाळली. मला या सगळ्या इतिहासात हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो.

उंग्राजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी ऊर्जेची पाहणी केली. त्यातलं एक गाव पुरा, साडेतीनशेच्या आसपास वस्तीचं. तोवर देशाच्या ऊर्जेचे हिशेब म्हणजे कोळसा, तेल आणि विजेचे हिशेब, कारण त्यांची बिलं फाटतात, मीटर फिरतात. चुलीला मीटर नसतो. डोक्यावरून आणलेल्या मोळीचं बिल नसतं. त्यामुळे किती लाकूड जळतं, ते आणायला किती चालावं लागतं, पाण्याच्या किती खेपा होतात, गुरं चारण्यात कुणाचे किती तास जातात, हे सगळं घरोघर जाऊन नोंदवावं लागलं. आकडे हाती आले तेव्हा दिसलं, की पुरा गावातली जवळपास नव्वद टक्के ऊर्जा सरपणातून येते. माणशी वर्षाला सुमारे ०.६ टन लाकूड लागे. वीज गावात पोचली होती, पण एकूण हिशेबात तिचा वाटा नगण्य होता. आणि माणसाच्या श्रमाचा मोठा भाग बायका आणि मुलांच्या अंगावर होता.

आणखी एक गोष्ट त्या पाहणीनं ठामपणे पुढं आणली. गरीब बायका सरपणासाठी जंगलं तोडतात, असं त्या काळी सर्रास बोललं जाई. पुरा गावात मात्र बहुतेक सरपण म्हणजे वेचून आणलेल्या काटक्या आणि फांद्या होत्या. पुढं बंगळूर शहराच्या सरपणाचा अभ्यास झाला तेव्हा ट्रकांनी येणारं लाकूड दिसलं. दोष कुणाला द्यायचा, हे मोजल्याशिवाय ठरवू नये, एवढं तरी त्यातून कळायला हवं होतं. दुर्दैवानं तो जुना आरोप अजूनही अधूनमधून ऐकू येतो.

इथून पुढं एकेका विद्याशाखेची गरज आपोआप पडत गेली. चूल म्हटलं की उष्णतेचं गणित आलं आणि मातीचं बांधकामही आलं. स्थापत्य विभागातले के. एस. जगदीश आणि सहकाऱ्यांनी तीन भांड्यांची, धुराडं असलेली चूल बनवली. साध्या चुलीत सरपणाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के भांड्यापर्यंत जाते. या चुलीत ते प्रमाण चाळीसच्या पुढं गेलं. खादी आयोगाच्या तरंगत्या टाकीच्या गोबरगॅस संयंत्राची मापंही ‘अस्त्र’नं पुन्हा तपासली. संयंत्र उथळ आणि रुंद केलं आणि खर्च बराच खाली आणला. एरोस्पेस विभागातले एच. एस. मुकुंद यांचं ज्वलनाचं ज्ञान लाकडापासून जळाऊ गॅस काढणाऱ्या यंत्रात, म्हणजे गॅसिफायरमध्ये, कामी आलं. १९८८मध्ये कुणिगल तालुक्यातल्याच होसहळ्ळी या वीज नसलेल्या खेड्यात त्यावर दिवे लागले. अग्निबाणांच्या इंजिनांचा अभ्यास करणारा माणूस बाभळी-निलगिरीच्या ढलप्यांपाशी बसतो, ही गोष्ट विभागांच्या भिंती तशाच ठेवून घडली नसती.

पुरा गावातला सामुदायिक गोबरगॅस प्रकल्प जरा सविस्तर सांगायला हवा, कारण खरं शिक्षण तिथं झालं. सुरुवातीची कल्पना अशी, की गावाच्या शेणातून सगळ्या घरांना स्वयंपाकाचा गॅस द्यायचा. गॅस पुरला नाही, प्रकल्प अडला. १९८७मध्ये त्याची फेरमांडणी झाली. गॅस डिझेल इंजिनात घालून वीज करायची, त्यावर कूपनलिकेचा पंप चालवून पिण्याचं पाणी नळाला आणायचं आणि घरात दिवे लावायचे. ज्यानं शेण आणलं त्याचं वजन करून नोंद व्हायची. किलोमागे दोन पैसे मिळायचे, शिवाय गॅस निघाल्यावर उरलेली शेणाची रबडी खत म्हणून परत. पैसे शेण वाहून आणणाऱ्या हातात पडायचे, आणि ते हात बहुतांश बायकांचे होते. प्रकल्प गावाच्या देखरेखीखाली कित्येक वर्षं चालला आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद पडला. रेड्डींनी नंतर त्यावर सविस्तर लेख लिहून कुठं काय बरोबर होतं नि कुठं चुकलं ते जाहीरपणे मांडलं. संशोधकानं आपल्या बंद पडलेल्या प्रकल्पाचा हिशेब असा उघड मांडणं दुर्मीळ आहे, आणि मला ते त्यांच्या यशस्वी चुलीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

खेड्यातून शिकलेली गोष्ट मग राज्याच्या नियोजनाला लावली गेली. माणसाला वीज नको असते. त्याला उजेड, पाणी, शिजलेलं अन्न हवं असतं. ब्राझीलचे गोल्डेम्बर्ग, स्वीडनचे योहान्सन आणि प्रिन्स्टनचे विल्यम्स यांच्याबरोबर रेड्डींनी हाच विचार जागतिक पातळीवर मांडला. कार्यक्षम साधनं वापरली तर माणशी एक किलोवॅटमध्ये विकसनशील देशांना मूलभूत गरजांच्या कितीतरी पुढं जाता येईल, असं त्यांनी १९८५मध्ये दाखवून दिलं. कर्नाटकाच्या अधिकृत दीर्घकालीन आराखड्यानं २०००पर्यंत सुमारे ९,४०० मेगावॅट लागतील असं म्हटलं होतं. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१मध्ये पर्यायी आराखडा मांडला तो ४,००० मेगावॅटच्या आसपासचा. त्यात राज्यातलं प्रत्येक घर उजळायचं होतं. बचत होती ती चांगल्या शेतीपंपांतून, साध्या बल्बऐवजी कमी वीज खाणाऱ्या सीएफएल दिव्यांतून आणि विजेच्या गिझरऐवजी सूर्याच्या उष्णतेतून.

महाराष्ट्राचा धागा इथं जुळतो. गुहागर तालुक्यातल्या, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार १९९३च्या डिसेंबरात झाला आणि वादळ उठलं. बराचसा वाद राजकीय आरोपांचा होता. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेचे गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सहकारी मात्र करारातले दर, अटी आणि मागणीचा अंदाज घेऊन बसले आणि त्यांनी त्याचं तांत्रिक-आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केलं. रेड्डींनीही १९९५मध्ये एन्रॉनसारख्या करारांवर हाच मुद्दा मांडला: आधी गरज मोजा, स्वस्तातला पर्याय शोधा, मग प्रकल्प ठरवा. दाभोळचा पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू झाला आणि २००१मध्ये वीज मंडळानं तिथली महाग वीज घेणं थांबवलं. त्याची किंमत राज्यानं मोजली. संत आणि दीक्षित यांचा महाराष्ट्रासाठी किमान खर्चाच्या वीज-नियोजनाचा अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला, तो रेड्डींनी स्थापन केलेल्या ‘इंटरनॅशनल एनर्जी इनिशिएटिव्ह’च्या नियतकालिकात.

मुंबईत पवईच्या आयआयटीत ऊर्जा प्रणालींचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला निघाला होता. २००७मध्ये तिथं स्वतंत्र विभाग झाला आणि २०१०मध्ये सौर फोटोव्होल्टाइक, म्हणजे सूर्यप्रकाशातून थेट वीज करण्याच्या, संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आलं. बंगळूरला ‘अस्त्र’चं रूपांतर शाश्वत तंत्रज्ञान केंद्रात झालं. रेड्डी २००६मध्ये गेले, संत २०१२मध्ये, तेही ऐन उमेदीत. ‘प्रयास’ महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढं ग्राहकांचा प्रतिनिधी म्हणून उभा राहत आला आहे, आणि वीज कंपन्यांचे मागणीचे अंदाज तिथं जाहीर सुनावणीत तपासले जातात.