नियमित व्यायाम आणि न बदलणारा बांधा

आठवड्यातले बहुतेक दिवस व्यायाम होतो, दम वाढतो, झोपही चांगली लागते. पण वजनकाटा हलत नाही आणि दंडावर वा पोटावर स्नायूंची रेघ उमटत नाही, अशी ही अवस्था. हा रोग नव्हे. सुरुवातीच्या महिन्यांत ती पुष्कळांच्या वाट्याला येते आणि तिच्यामुळेच अनेक जण व्यायाम सोडून देतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात व्यायाम म्हटला की आधी तालीम आठवते. बेळगावचा आनंदवाडी आखाडा, गावोगावच्या जत्रांतली कुस्ती मैदाने आणि 1922 पासून शहरात असलेले मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर यांच्या सान्निध्यात वाढलेल्या माणसाला कमावलेले अंग डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे वाटते. पण तालमीतला पैलवान वजन घटवायला जात नाही, अंग भरायला जातो. पहाटे जोर-बैठका, दुपारी झोप, संध्याकाळी लढत, जोडीला दूध, तूप, बदामाचा खुराक. त्याचा सारा दिवस त्यातच जातो, आणि असे वर्षानुवर्षे चालते. शिवाय लाल मातीतल्या अनेक मल्लांच्या पोटावर चरबीचा थर असतो आणि त्याने त्यांच्या ताकदीत उणेपणा येत नाही. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी तासभर चालणाऱ्या पन्नाशीच्या बाईंनी किंवा नोकरी सांभाळून जिमला जाणाऱ्या तरुणाने स्वतःला त्या मापाने मोजणे हा स्वतःवरच अन्याय आहे.

वजन न घटण्यामागचा हिशेब साधा, पण निष्ठुर आहे. साठ किलोच्या माणसाने तासभर झपझप चालल्यास साधारण 200 ते 250 किलोकॅलरी खर्च होतात. पन्नास ग्रॅम फरसाणात जवळपास तेवढीच ऊर्जा असते. एक किलो शारीरिक चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे महिनाभर रोज चालूनही, आणि खाणे तसूभरही न वाढवता, कागदावर एक किलोसुद्धा उतरत नाही. प्रत्यक्षात त्याहूनही कमी उतरते. व्यायामानंतर भूक वाढते, उरलेल्या दिवसात नकळत बसणे वाढते, आणि शरीर इतर कामांवरचा खर्च आवरते. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संग्राहक समाजाचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर राबणाऱ्या हाड्झांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचा आकार लक्षात घेता, पाश्चात्त्य देशांतल्या लोकांपेक्षा वेगळा आढळला नाही. खानापूरच्या शिवारात पावसाळाभर भाताची रोप लावणी करणाऱ्या बायकांपैकीही अनेकींचे पोट का उतरत नाही, याचे एक उत्तर इथे असू शकते.

काट्याचे आणखी एक फसवे रूप आहे. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर स्नायू ग्लायकोजेन (साखरेचा साठा) अधिक साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. दुखऱ्या स्नायूंतही द्रव साचतो. चरबी घटत असतानाच स्नायू वाढले, तर काटा तिथल्या तिथे राहतो आणि कपडे मात्र सैल होतात.

स्नायू न दिसण्याचे कारण वेगळे. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेमुळे येते: मेंदू अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. मोरितानी आणि डिव्रीज या संशोधकांनी हे 1979 मध्ये दाखवले. डोळ्यांना दिसण्याजोगी वाढ बहुधा दोन-तीन महिन्यांनी सुरू होते. वाढलेला स्नायूही त्वचेखालच्या चरबीआड झाकलेला राहतो. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी काढता येत नाही. नुसत्या चालण्याने दंड भरत नाहीत, त्यासाठी वजन उचलावे लागते किंवा जोर-बैठका हळूहळू वाढवाव्या लागतात. आहारही पुरेसा हवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. स्नायू वाढवू पाहणाऱ्याला त्याहून जास्त. भात-आमटी किंवा भाकरी आणि पातळ भाजी एवढ्यावर ती गरज भागणे कठीण. हुलगे, मटकी, दूध, अंडी, मासे यांचा वाटा वाढवणे हाच आपल्याकडचा स्वस्त उपाय आहे. झटपट अंग दिसावे म्हणून घेतली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने हृदय, यकृत आणि प्रजननक्षमतेची हानी करतात. त्यांच्याकडे वळू नये.

भारतीय शरीराची एक खास अडचण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच उदाहरणाने मांडली. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, 22.3; पण चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ आणि आत चरबी जास्त, अशा माणसाला काटा फारसे काही सांगत नाही.

म्हणून मापे बदलावी लागतात. दक्षिण आशियाई लोकांसाठी कंबरेची धोक्याची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर मानली जाते. वजन तेच राहूनही व्यायामाने पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी कमी होते, रक्तदाब उतरतो आणि इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. विश्रांतीच्या वेळची नाडी, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा), बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण किती वेळा थांबून पार होते, या नोंदी काट्यापेक्षा खऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम पुरेसा आहे. त्यात वजन घटण्याची अट नाही.

खाण्यात बदल नसताना वजन वाढतच असेल, किंवा त्यासोबत थकवा, अंगावर सूज, पाळीतली अनियमितता असेल, तर थायरॉइड आणि पीसीओएसची (स्त्रियांच्या बीजांडकोशाशी निगडित संप्रेरकांच्या विकाराची) तपासणी करावी. इन्सुलिन, सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या, दाह कमी करण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइडे आणि काही मनोविकारावरची औषधेही वजन वाढवतात. ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलून बदलून घेता येतात.