गुहेतले फळभक्षी वटवाघूळ : नागपूरच्या प्रयोगशाळेने लावलेला हिशेब

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. त्याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांत, कावळा, उंदीर आणि घुशींच्या पंगतीला फळभक्षी वटवाघळेही बसवली गेली. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने गेली. तोवर पन्नास वर्षे उलटली होती.

फळभक्षी वटवाघूळ म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे वडा-पिंपळाला दिवसाढवळ्या उलटी टांगलेली थोरली वाघळे येतात. येथे विषय आहे तो त्यांच्या धाकट्या भावंडाचा, रूसेटस लेशनॉल्टायचा. पुदुच्चेरीला वनस्पती गोळा करणाऱ्या लेशनॉ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचे नाव त्याला १८२० मध्ये देमारे याने दिले. वजनाला जेमतेम शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असलेला हा प्राणी उजेडात राहत नाही. गुहा, लेणी, किल्ल्यांची भुयारे, पडक्या विहिरी ही त्याची घरे, आणि एकेका ठिकाणी हजारोंची वस्ती असू शकते. दख्खनच्या काळ्या पाषाणात चुनखडीच्या प्रदेशासारख्या नैसर्गिक गुहा विपुल नसल्याने माणसाने दोन हजार वर्षांत जे कोरले आणि मग सोडून दिले, ते या प्राण्याच्या पथ्यावर पडले असावे. काळोखात वाट काढायची त्याची तऱ्हाही निराळी आहे : बहुतेक फळभक्षी वटवाघळे डोळ्यांवर विसंबतात, हे मात्र जिभेने टक् टक् असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंतीचा अंदाज घेते. उंबर, जांभूळ, पेरू चावून रस गिळायचा आणि चोथ्याची गोळी थुंकायची, ही त्याची जेवणाची पद्धत. फुलांतला मध चाटताना तोंडाला लागलेले परागकण ते पुढच्या झाडावर नेते.

या प्राण्याच्या जीवनक्रमाचा नीट हिशेब लागला तो नागपुरात. येथील विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे वटवाघळांच्या प्रजननाचा अभ्यास केला. मादीच्या गर्भाशयाचे सूक्ष्मछेद काचपट्टीवर घेऊन गर्भ किती वाढला ते पाहायचे, हे काम चिकाटीचे आणि, खरे सांगायचे तर, बाहेरच्यांना कंटाळवाणे वाटणारे. गोपालकृष्ण व चौधरी यांचा या जातीवरील निबंध १९७७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. मादी वर्षातून दोनदा विते : नोव्हेंबरात राहिलेला गर्भ मार्चमध्ये जन्मतो, लगेच दुसरी गर्भधारणा होते आणि तिचे पिल्लू जुलै-ऑगस्टच्या सुमारास येते. प्रत्येक वेळी पिल्लू साधारणपणे एकच. वेताला आठ-दहा पिल्ले टाकणाऱ्या घुशीशेजारी त्याला कायद्याने बसवले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या यादीतली विसंगती दिसते.

अलीकडे हे वटवाघूळ चर्चेत आले ते निपाह या माणसालाही घातक ठरणाऱ्या विषाणूमुळे. महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला त्या विषाणूच्या खुणा आढळल्या. तेव्हापासून गुहा धुराने मोकळ्या करण्याची भाषा अधूनमधून ऐकू येते. मार्चमध्ये असा धूर केला, तर नवजात पिल्लू पोटाला बिलगलेले असतानाच मादीला उडावे लागते. विदर्भातील लोकांचा गुहांशी सर्वांत दाट संबंध येतो तो पचमढीच्या डोंगरांतल्या दोन यात्रांत, महाशिवरात्रीला महादेवाच्या आणि नागपंचमीला नागद्वारीच्या. आणि या दोन्ही यात्रा नेमक्या याच दोन प्रसूतिकाळांच्या आसपास पडतात.